एका सिलिंडरला दोन प्लग कशाला?

आपले पूर्णा म्हणजे आगगाडीचे गाव. परभणीकडून एक लाईन येते, नांदेडकडे एक जाते, हिंगोली-अकोल्याकडे एक वळते. आमच्या लहानपणी इथे छोट्या लाईनवर धुराची इंजिने धावत. इंजिनात कोळशाची भट्टी असे. भट्टीने पाणी उकळायचे, पाण्याची वाफ व्हायची, आणि ती वाफ दांड्याला ढकलायची. तेव्हा चाक फिरायचे. आग एका जागी आणि ढकलण्याचे काम दुसऱ्या जागी, अशी ती रीत होती.

आता धुराची इंजिने गेली. पण दारोदारी मोटारसायकल आली आहे. तिच्या पोटातही आग आहे. मात्र ती आग आपल्याला दिसत नाही. ती क्षणात पेटते आणि क्षणात विझते. या न दिसणाऱ्या आगीची गोष्ट आज सांगायची आहे.

कॅलेंडरवरचा हिशेब

आमच्या शेजारचा एक शेतकरी रोज सकाळी दूध घेऊन पूर्णेला जातो. जायला बारा किलोमीटर, यायला बारा. म्हणजे रोजचे चोवीस. गाडी फक्त दुधापुरतीच काढायची असा त्याचा नेम आहे.

त्याची बायको दोन वर्षांपूर्वी रात्रीच्या वर्गाला येऊ लागली. लिहायला आले, तशी ती घरातला हिशेब कॅलेंडरवर मांडू लागली. दूध किती गेले, पेंड किती आणली, पेट्रोल किती टाकले, सगळे त्या त्या तारखेच्या चौकटीत.

एके दिवशी ती कॅलेंडर घेऊनच माझ्याकडे आली.

"गुरुजी, हे बघा. माझं काही चुकलं का?"

मी पाहिले. सप्टेंबरात 15 लिटर पेट्रोल. ऑक्टोबरात साडेपंधरा लिटर. ऑक्टोबरला एक दिवस जास्त असतो, म्हणून तेही बरोबर. पण नोव्हेंबरात 18 लिटर!

"चुकलं नाही, बाई," मी म्हणालो. "सप्टेंबरात 30 दिवस, नोव्हेंबरातही 30 दिवस. दोन्ही महिन्यांत गाडी 720 किलोमीटर चालली. आधी एका लिटरला 48 किलोमीटर पडत होते. आता 40 पडतात."

तेवढ्यात नवराही आला. तो म्हणाला, "गुरुजी, गाडी लई पिऊ लागली. मला वाटलं, पंपावाला माप मारतो. मी त्या पोराला चार शब्द बोलून आलो. मग दुसऱ्या पंपावर टाकून पाहिलं. तिथंही तेच!"

"गाडी बंद पडते का? धक्के देते का?"

"छे! एका किकमध्ये चालू होती. जरा दम कमी वाटतो. पण म्हटलं, गाडी जुनी झाली."

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या मागे बसून पूर्णेला गेलो. दूध घातल्यावर आम्ही मिस्त्रीकडे गेलो. मिस्त्रीने गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारले, "दादा, ही दोन प्लगची गाडी आहे. दोन्ही प्लग शेवटी कधी पाहिले?"

शेजारी माझ्या तोंडाकडे पाहू लागला. आपल्या गाडीला दोन प्लग आहेत हेच त्याला माहीत नव्हते.

इंजिन गार झाल्यावर मिस्त्रीने दोन्ही प्लग काढले. उजव्या बाजूचा प्लग विटकरी रंगाचा, कोरडा. डाव्या बाजूचा काळाकुट्ट आणि पेट्रोलने ओला. डावा प्लग पेटतच नव्हता. त्याची वायर हाताळली तेव्हा कारण कळले. सुगीच्या दिवसांत गाडी सोयाबीनच्या पोत्यांजवळ उभी असे. उंदराने वायर कुरतडली होती.

मिस्त्रीने वायर बदलली, दोन्ही प्लग नवे घातले. गाडी चालू केली. आवाज गोल आणि भरीव आला.

तेव्हा शेजाऱ्याने एक प्रश्न विचारला. प्रश्न मोठा चांगला होता.

"गुरुजी, एक प्लग मेला तरी गाडी महिनाभर चालली. मग कंपनीनं दुसरा दिलाच कशाला?"

मंडळी, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आधी इंजिनाच्या पोटात शिरू.

इंजिनाच्या पोटात

मोटारसायकलच्या इंजिनात लोखंडासारख्या घट्ट धातूचे एक नळकांडे असते. त्याला सिलिंडर म्हणतात. स्वयंपाकाच्या गॅसची टाकी ती वेगळी. हे नळकांडे लहान असते. त्याचे तोंड साधारण पाच-सहा सेंटिमीटर रुंद, म्हणजे चहाच्या कपाच्या तोंडाएवढे.

त्यात एक दट्ट्या वरखाली होतो. तो पिस्टन. फवारणीच्या पंपात दट्ट्या असतो, तसाच. सिलिंडरच्या वरच्या झाकणाला दोन दारे असतात. एक आत येण्याचे, एक बाहेर जाण्याचे. त्यांना वाल्व म्हणतात. आणि त्याच झाकणात बसवलेला असतो प्लग. प्लगच्या टोकाशी बारीक फट असते. वीज त्या फटीतून उडी मारते. तीच ठिणगी.

आता काम कसे चालते ते पाहा.

पहिल्यांदा पिस्टन खाली जातो. आत येण्याचे दार उघडते. हवा आणि पेट्रोलचे बारीक तुषार आत ओढले जातात.

दुसऱ्यांदा पिस्टन वर येतो. दोन्ही दारे बंद. हवा-पेट्रोल दाबले जाते.

तिसऱ्यांदा प्लग ठिणगी टाकतो. पेट्रोल पेटते. आतला वायू तापून फुगतो आणि पिस्टनला जोराने खाली ढकलतो. गाडीला जी ताकद मिळते, ती याच वेळी.

चौथ्यांदा पिस्टन पुन्हा वर येतो. बाहेरचे दार उघडते. जळून गेलेला वायू सायलेन्सरमधून बाहेर पडतो.

चार चाली, की पुन्हा पहिल्यापासून. या चार चालींत इंजिनाचा दांडा दोनदा फिरतो, आणि ठिणगी एकदाच पडते. गाडी जोरात असली की दांडा मिनिटाला सहा हजार वेळा फिरतो. म्हणजे सेकंदाला शंभर फेरे आणि पन्नास ठिणग्या! आपण "एक" म्हणेपर्यंत आत पन्नास वेळा आग पेटते आणि विझते.

आग चालत जाते

पुष्कळांना वाटते, ठिणगी पडली की आतले पेट्रोल एकदम भडकते. तसे नाही. आग एका जागेवरून दुसरीकडे चालत जाते.

शेताच्या धुऱ्यावरचे वाळलेले गवत आठवा. एका टोकाला काडी लागली, तर सारा धुरा एकदम पेटत नाही. जाळ या टोकाकडून त्या टोकाकडे सरकत जातो. सिलिंडरमध्येही असेच होते. प्लगजवळचे पेट्रोल आधी पेटते. मग जाळ पुढे सरकतो. पलीकडच्या भिंतीपाशी तो सगळ्यात शेवटी पोहोचतो.

हा वेळ आपल्या दृष्टीने काहीच नाही. पण पिस्टनच्या दृष्टीने तो फार आहे. सेकंदाला शंभर फेरे असतील, तर पिस्टन वरून खाली यायला सेकंदाचा दोनशेवा भाग लागतो. एवढ्या वेळात सगळे पेट्रोल जळून ढकलण्याचे काम उरकले पाहिजे.

इथे झोक्याचे उदाहरण घ्या. पंचमीला मुली झोका खेळतात. झोका मागे येऊन पुढे निघाला की त्याच क्षणी धक्का दिला पाहिजे. तो धक्का लागू पडतो. झोका बराच पुढे गेल्यावर हात लावला, तर धक्का वाया. आणि झोका अजून मागे येत असतानाच ढकलला, तर झोका अडतो आणि आपल्याच हाताला मार बसतो.

पिस्टनचे असेच आहे. तो वर पोहोचून खाली निघाला की आगीचा पूर्ण धक्का त्याला बसावा. आग उशिरा पोहोचली, तर पिस्टन आधीच खाली गेलेला असतो. मागून जळणारे पेट्रोल त्याला नीट ढकलू शकत नाही. त्याची उष्णता तशीच सायलेन्सरमधून बाहेर जाते.

मग यावर उपाय काय? ठिणगी थोडी आधी टाकायची. पिस्टन वर पोहोचण्याआधीच. सगळ्या पेट्रोल इंजिनांत असे करतात. पण फार आधी टाकली, तर वर येणाऱ्या पिस्टनलाच आग खाली दाबू लागते. इंजिन स्वतःशीच भांडते. ताकद तिथेही वाया जाते.

म्हणजे उशिरा पेटवून चालत नाही, आणि फार लवकर पेटवूनही चालत नाही. खरा उपाय एकच, तो म्हणजे आग लवकर पसरली पाहिजे.

दोन टोकांनी खुरपणी

समजा, एका लांब तासाची खुरपणी करायची आहे. एक बाई एका टोकाकडून निघाली, तर तिला अख्खे तास खुरपावे लागेल. दोघी दोन टोकांकडून निघाल्या तर? दोघी मध्यावर भेटतील. प्रत्येकीला अर्धेच तास. वेळही अर्धाच.

दोन प्लगचे मर्म हेच आहे. एक प्लग डावीकडे, एक उजवीकडे. दोन्हीकडून जाळ निघतो आणि मध्ये भेटतो. प्रत्येक जाळाला थोडेच अंतर कापावे लागते. पेट्रोल तेवढेच, पण ते लवकर आणि पुरते जळते.

याचे फायदे असे.

पहिला फायदा, ठिणगी फार आधी टाकावी लागत नाही. इंजिनाचे स्वतःशी भांडण कमी होते. तेवढ्याच पेट्रोलमध्ये जास्त काम मिळते.

दुसरा फायदा, पेट्रोल थोडे कमी आणि हवा जास्त असली, तरी आग मध्येच विझत नाही. ओला पाला एका काडीने पेटत नाही, दोन ठिकाणी पेटवला तर धरतो, तसेच हे. म्हणून सावकाश चालवताना पेट्रोल वाचते.

तिसरा फायदा, अर्धवट जळलेले पेट्रोल कमी उरते. सायलेन्सरमधून विषारी वायू कमी निघतो.

चौथा फायदा इंजिनाच्या तब्येतीचा. आग सावकाश चालली, तर पलीकडच्या कोपऱ्यातले पेट्रोल दाबाने आणि उष्णतेने आपोआप भडकू शकते. मग इंजिनातून टकटक असा आवाज येतो. "इंजिन ठोकते" असे मिस्त्री म्हणतात. त्याने पिस्टनला इजा होते. दोन प्लग असले, की कोपऱ्यातले पेट्रोल आपोआप भडकण्याआधीच जाळ तिथे पोहोचतो.

प्लग मधोमध का बसवत नाहीत?

एखादा हुशार वाचक म्हणेल, "गुरुजी, एकच प्लग झाकणाच्या अगदी मधोमध बसवा की! म्हणजे आग चारी बाजूंना सारखी पसरेल."

बरोबर आहे. पण झाकणात दोन वाल्वही बसवायचे असतात. ते मोठे असावे लागतात, नाहीतर हवा पुरेशी येत-जात नाही. दोन मोठी दारे बसवली, की मधली जागा संपते. प्लगला बाजूला सरकावे लागते.

दोनऐवजी चार लहान वाल्व बसवले, तर मात्र मध्ये जागा मिळते. तिथे एकच प्लग मधोमध बसतो आणि त्याचे काम भागते. म्हणून चार वाल्वच्या पुष्कळ इंजिनांना एकच प्लग असतो. दोन प्लगचा खरा उपयोग दोन वाल्वच्या इंजिनाला जास्त.

विमानाचे दोन प्लग

दोन प्लग ही काही नवी कल्पना नाही. पेट्रोलवर चालणाऱ्या लहान विमानांत ती फार जुनी आहे. आपल्या महाराष्ट्रात बारामती आणि गोंदिया येथे विमान चालवायला शिकवतात. अशा शिकाऊ विमानांच्या पेट्रोल इंजिनांत एका सिलिंडरला बहुधा दोन प्लग असतात.

तिथे आग लवकर पसरते हा फायदा तर आहेच. पण मोठे कारण दुसरे आहे. रस्त्यात गाडी बंद पडली तर आपण कडेला घेतो. आभाळात विमान कडेला कुठे घेणार? म्हणून एका प्लगची वीज गेली, तरी दुसऱ्याने इंजिन चालू राहावे, अशी ती तजवीज आहे. दोन प्लगांना वीज देणारी यंत्रेही दोन, अगदी वेगवेगळी.

आता यातली मौज पाहा. एक प्लग बंद असला तरी इंजिन चालते. मग बिघाड कळणार कसा? वैमानिक यावर विसंबून राहत नाही. उडण्याआधी जमिनीवरच तो एका बाजूची वीज मुद्दाम बंद करतो. इंजिनाचे फेरे थोडे कमी होतात का, ते काट्यावर पाहतो. मग ती चालू करून दुसऱ्या बाजूची बंद करतो. पुन्हा काटा पाहतो. दोन्ही बाजू ठीक असल्या, तरच पुढे जातो.

ही गोष्ट ध्यानात ठेवा. आपल्या शेजाऱ्याच्या गाडीशी तिचा संबंध आहे.

पुण्याकडची गोष्ट

मोटारसायकलला दोन प्लग लावण्याची गोष्ट आपल्याच राज्यातली आहे. पुण्याच्या बजाज कंपनीने 2001 साली पल्सर नावाची मोटारसायकल बाजारात आणली. 2003 साली त्याच पल्सरला तिने दोन प्लगचे इंजिन दिले. त्याला डी.टी.एस.-आय. असे नाव दिले. गाडीवर ही अक्षरे लिहिलेली तुम्ही पाहिली असतील. ही गाडी पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यात बनू लागली. पुढे 2012 साली याच कंपनीने एका पल्सरला एकाच सिलिंडरमध्ये तीन प्लगसुद्धा दिले.

मोटारींतही असे इंजिन आले. 2003 साली भारतात आलेल्या होंडा सिटी मोटारीत चार सिलिंडरांना आठ प्लग होते. तिथे आणखी एक युक्ती होती. गरजेप्रमाणे दोन्ही प्लग एकदम पेटत, नाहीतर एक आधी आणि दुसरा किंचित मागून पेटे.

दोन प्लगांवरून कोर्टकचेरीही झाली. बजाजने आपल्या इंजिनासाठी 2002 साली पेटंट मागितले, ते 2005 साली मिळाले. पेटंट म्हणजे सरकारने दिलेला हक्क. ज्याने नवी युक्ती काढली, त्याच्या परवानगीशिवाय ठरावीक वर्षे ती दुसऱ्याने वापरायची नाही. मग 2007 साली तमिळनाडूच्या टी.व्ही.एस. कंपनीने फ्लेम नावाची दोन प्लगची गाडी काढली. बजाज म्हणाले, ही आमची युक्ती. टी.व्ही.एस. म्हणाले, दोन प्लग ही जुनीच गोष्ट आहे. मद्रासच्या हायकोर्टात खटला उभा राहिला. 2009 साली तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. सुप्रीम कोर्टाने सांगितले, असे खटले रेंगाळू देऊ नका, लवकर निकाली काढा, तोवर टी.व्ही.एस.ने गाड्या विकाव्या, पण विक्रीचा नीट हिशेब ठेवावा. शेवटी 2019 साली दोन्ही कंपन्यांनी आपसांत मिटवले.

अंगठ्याएवढी वस्तू, पण तिच्यासाठी दोन मोठ्या कंपन्या बारा वर्षे भांडल्या. कारण थेंबाथेंबाने वाचणारे पेट्रोल लाखो गाड्यांत मिळून फार मोठे होते.

सगळ्याच गाड्यांना का नाही?

दुसरा प्लग फुकट येत नाही. त्याला वायर लागते, वीज देणारी कॉइल लागते, झाकणात जागा लागते. देखभाल वाढते. लहान इंजिनात तोंड अरुंद असेल, तर आगीला मुळातच कमी चालावे लागते. चार वाल्वचे इंजिन असेल, तर प्लग मध्ये बसतो. अशा ठिकाणी एका प्लगवर काम भागते. म्हणून एका प्लगची गाडी म्हणजे हलकी गाडी, असे समजू नका.

आणि डिझेलच्या इंजिनाला, म्हणजे ट्रॅक्टरला, ठिणगीचा प्लगच नसतो. तिथे नुसती हवा इतकी दाबतात, की ती तापून लाल निखाऱ्यासारखे काम करते. त्यात डिझेल फवारले की ते आपोआप पेटते.

एक प्लग मेला तर

आता शेजाऱ्याच्या प्रश्नाकडे परत येऊ. एक प्लग मेला तरी गाडी का चालली? आणि पेट्रोल का वाढले?

गाडी चालली, कारण दुसरा प्लग पेटत होता. एक बाई आलीच नाही, तरी दुसरी सारे तास खुरपीलच. फक्त वेळ लागेल.

पेट्रोल वाढले, त्याचे कारण असे. ठिणगी केव्हा टाकायची, हे गाडीतली एक विजेची डबी ठरवते. सी.डी.आय. म्हणतात तिला. त्या डबीचा हिशेब दोन प्लगांचा असतो. दोन्हीकडून आग येईल, लवकर भेटेल, म्हणून ती ठिणगी बेताने टाकते. एक प्लग मेल्याचे तिला कळत नाही. मग एकट्या जाळाला अख्खे अंतर कापावे लागते. तो उशिरा पोहोचतो. धक्का अर्धा वाया जातो. दम कमी पडला, की आपण मूठ जास्त पिळतो. मूठ पिळली, की पेट्रोल जास्त जाते.

एका प्लगच्या गाडीचा प्लग मेला, तर गाडी जागेवर उभी राहते. आपण लगेच मिस्त्रीकडे नेतो. दोन प्लगच्या गाडीचा प्लग मेला, तर गाडी बोलत नाही. गुपचूप खिसा कापत राहते. मालकाला वाटते गाडी जुनी झाली, नाहीतर पंपावाला चोर आहे.

शेजाऱ्याच्या घरी महिन्याला तीन लिटर जास्त जात होते. लिटरचा भाव शंभर रुपये धरला, तरी महिन्याचे तीनशे झाले. वर्षाचे तीन हजार सहाशे. एवढ्यात पोरांची वह्या-पुस्तके आणि कपडे होतात.

आपण काय करावे

आपल्या गाडीला किती प्लग आहेत, ते आधी पाहून घ्या. इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी जाड काळी वायर येत असेल, तर दोन प्लग आहेत. समजले नाही तर मिस्त्रीला विचारा.

गाडी दुरुस्तीला नेली, की दोन्ही प्लग काढून दाखवायला सांगा. विटकरी, कोरडा प्लग चांगला. काळा, ओला प्लग दिसला तर कारण शोधायला लावा. हाताला सोपा लागतो म्हणून एकाच बाजूचा प्लग पाहून सोडू देऊ नका. बदलायचे झाले तर दोन्ही एकदम बदला, आणि गाडीच्या पुस्तकात लिहिला आहे त्याच जातीचे घ्या.

चालू इंजिनात प्लगच्या टोपीला हात लावू नका. तिथे हजारो व्होल्टची वीज असते. जबर झटका बसतो. ठिणगी पाहण्याचे काम मिस्त्रीलाच करू द्या. तिथे पेट्रोलची वाफ असली तर भडका उडू शकतो.

सुगीच्या दिवसांत गाडी धान्याच्या पोत्यांजवळ उभी करू नका. उंदराला वायर आणि कणीस सारखेच.

आणि पेट्रोल टाकले की तारीख, लिटर आणि गाडीचे किलोमीटर लिहून ठेवा. विमान चालवणाऱ्याजवळ काटा असतो. आपल्याजवळ आपला हिशेब आहे. आत काय बिघडले ते डोळ्याला दिसत नाही, पण लिहिलेल्या आकड्यात दिसते.

डिसेंबर संपला तशी ती बाई पुन्हा कॅलेंडर घेऊन आली. डिसेंबराचे 31 दिवस, साडेपंधरा लिटर. पुन्हा 48 चे ॲव्हरेज!

नवरा मागे उभा होता. तो म्हणाला, "गुरुजी, मी पंपावर जाऊन त्या पोराला म्हटलं, बाबा, चूक माझी होती. त्यानं चहा पाजला."

"आणि प्लग कोणी पकडला?" मी विचारले.

त्याने बायकोकडे बोट दाखवले. ती काही बोलली नाही. तिने जुन्या कॅलेंडरची सुरळी केली, कोपऱ्यातले नवे कॅलेंडर उचलले आणि मला म्हणाली, "गुरुजी, किलोमीटरचा आकडा कुठल्या कोपऱ्यात लिहू, तेवढं सांगा."

वर्गात बोलण्यासाठी प्रश्न

1. सिलिंडरमध्ये पेट्रोल एकदम का भडकत नाही? धुऱ्यावरच्या गवताचे उदाहरण देऊन सांगा.

2. दोन प्लग असले म्हणजे आगीला कमी अंतर का चालावे लागते?

3. विमानाला दोन प्लग देण्याचे मोठे कारण कोणते?

4. एक प्लग मेला, तर कोणती गाडी लगेच कळवते आणि कोणती कळवत नाही?

5. हिशेब करा. एक गाडी महिन्यात 600 किलोमीटर चालते. आधी 12 लिटर पेट्रोल लागे. आता 15 लिटर लागते. आधी लिटरला किती किलोमीटर पडत होते? आता किती पडतात?

6. तुमच्या गाडीचा महिन्याचा हिशेब लिहून वर्गात आणा.